रेघेचं टोक

आमच्या धक्क्यावर पाण्याकडे बघत उभं राहणं हे दोन माणसांचं काम आहे. एक रेघवाला आणि दुसरा मी. माझं काम खरं तर इंजिन बघायचं, पण ते इंजिन दिवसातून दोनदा पाण्यावर उतरतं, त्यामुळे माझी नजर तिकडे जातेच. तीस वर्षं इंजिनं उघडतोय. धक्क्यावर मला सगळे मिस्तरी म्हणतात. माझी मुलगीही कामाच्या वेळेत मिस्तरीच म्हणते आणि घरी आल्यावर बाबा.

ती वैमानिक आहे. विमान म्हणजे नऊ खुर्च्यांचं, एका इंजिनाचं सीप्लेन. चाकांच्या जागी पोटाखाली दोन लांबट होड्या लावलेलं. पलीकडच्या गावाला रस्त्याने जायचं तर डोंगराला वळसा घालण्यात अख्खा दिवस मोडतो, विमानाने पंचवीस मिनिटं. सकाळी साडेसहाला ती जाते आणि पावणेआठला परत येते. लहानपणी ती इतकी किरकोळ होती की तिची आई तिला बारकी म्हणायची. आता ती माझ्याहून बोटभर उंच आहे, पण नाव काही वाढलं नाही.

रेघवाल्याचं काम जरा समजावून सांगायला हवं, कारण बाहेरच्या माणसाला ते ऐकून हसू येतं. सकाळी वारा नसला की आमचा तलाव आरसा होतो. दिसायला फार सुंदर, पण वैमानिकाच्या जिवावर उठणारा. वर आभाळ, खाली तेच आभाळ, आणि पाणी कुठून सुरू होतं ते दिसतच नाही. अजून पन्नास फूट वर आहोत असं वाटत असताना माणूस पाण्यात शिरलेला असतो. म्हणून विमान यायच्या आधी रेघवाला आपली मोटरबोट काढतो आणि नाकासमोर पाऊण मैल जातो. बोटीमागे फेसाची पांढरी रेघ राहते. ती धरून वैमानिक खाली येतो. रेघ संपते तिथे बोट थांबलेली असते, आणि तिच्या थोडं अलीकडे विमान टेकतं. विमान धक्क्याला लागेपर्यंत रेघवाला बोट जागची हलवत नाही. बावीस वर्षांत आपल्या रेघेला कधी बाक आला नाही, असं तो स्वतःच सांगतो. दुसरं कोणी सांगणारं नसल्यामुळे आम्ही मान्य केलंय.

डोंगराच्या कडेला एक पांढरी पाण्याची टाकी आहे. तिच्यावरून विमान वळलं की टेकायला चाळीस सेकंद लागतात. मला मोजायची खोड आहे. बारकीची आई म्हणते, तुम्ही झोपेत स्वतःचं घोरणंही मोजत असाल.

त्या सकाळी मी हातात चहाचा पेला घेऊन नेहमीच्या खांबाला टेकून उभा होतो. तलाव आरसा झाला होता. रेघवाला रेघ ओढून टोकाला जाऊन थांबला होता. विमान टाकीवरून वळलं, नाक खाली घेतलं, आणि वीस म्हणेपर्यंत आवाज गेला.

इंजिन बंद पडताना आधी कुरकुरतं, खोकतं, काहीतरी सांगतं. हे तसं नव्हतं. आवाज होता आणि मग नव्हता. एक, दोन, तीन, चार. चार म्हटलं आणि तो जसा गेला होता तसाच परत आला, अगदी त्याच सुरात. चाळिसाव्या सेकंदाला विमान पाण्याला टेकलं. चहा माझ्या मनगटावर सांडला होता, ते मला नंतर कळलं.

बारकी उतरली ती हसतच. "मिस्तरी, इंजिन मधेच मुकं झालं होतं," ती म्हणाली.

"ऐकलं. चार सेकंद."

"चार? चांगलं मिनिटभर."

मी म्हटलं, जीव मुठीत असला की सेकंदाचं मिनिट होतं. तिच्यामागून शाळेच्या बाई उतरल्या. त्या पलीकडे शिकवायला असतात, शाळेला सोमवारी सुट्टी, म्हणून दर सोमवारी या विमानाने घरी येतात. "आज किती अलगद उतरवलंत हो," त्या बारकीला म्हणाल्या, "माझा तर डोळाच लागला."

दोन दिवस विमान बांधून ठेवून मी इंजिन उघडलं. प्लग काढले, पेट्रोलच्या नळ्या फुंकून बघितल्या, वायरी एकेक करून चाचपल्या, गाळण्या धुतल्या. इंजिन धडधाकट होतं. मी तरीही प्लग बदलले, कारण मिस्तरीने काहीच बदललं नाही तर त्याचं त्यालाच चैन पडत नाही. तिसऱ्या दिवशी विमान पुन्हा गेलं, परत आलं, आणि टाकीवरून वळल्यावर विसाव्या सेकंदाला आवाज पुन्हा गेला. चार सेकंद. आला.

या वेळी मी इंजिनाआधी पेट्रोल बघितलं. मी काट्यावर विश्वास ठेवत नाही, टाकीत काठी घालून मोजतो. पेट्रोल हवं त्यापेक्षा कमी होतं. फार नाही, पाच-सहा मिनिटांचं. गळती शोधण्यात दुपार गेली. गळती नव्हती. संध्याकाळी सहज म्हणून आत बसलो तर विमानातलं घड्याळ धक्क्याच्या खोलीतल्या घड्याळाच्या सहा मिनिटं पुढे होतं. घड्याळ बिघडलं, असं म्हणून मी ते मागे केलं.

पुढच्या खेपेला ते वीस मिनिटं पुढे होतं. पेट्रोल वीस मिनिटांचं कमी होतं.

दुपारी तलावावर वारा सुटतो, पाण्यावर लाटा असतात, रेघ लागत नाही. दुपारच्या फेरीला कधी काही झालं नाही. हे फक्त सकाळी, फक्त आरशावर, फक्त रेघेवरून येताना. हे मी कागदावर लिहून काढलं आणि कागदाकडे बघत बसलो. शेवटी हात टेकले आणि ठरवलं की आपणच बसून बघायचं.

सोमवारी पहाटे मी बारकीच्या शेजारच्या खुर्चीत बसून पलीकडे गेलो. परत येताना चार प्रवासी होते. शाळेच्या बाई माझ्या मागेच होत्या, मांडीवर पुस्तक. टाकी आली. बारकीने विमान वळवलं. खाली रेघ दिसली, पाटीवर पट्टी धरून ओढावी तशी, आणि तिच्या टोकाला रेघवाल्याची बोट. मी मोजायला लागलो. वीस म्हटलं.

टीव्हीचा आवाज कोणी बंद करावा तसं झालं. पंखा समोर फिरत होता. आरपीएमचा काटा जिथे हवा तिथे होता. इंजिनाची थरथर मला पाठीच्या कण्यात लागत होती. इंजिन चालू होतं. फक्त आवाज कुठे नव्हता, त्याचा नाही, वाऱ्याचा नाही, माझ्या श्वासाचाही नाही. मी मागे वळून बघितलं. चौघांच्याही माना कलल्या होत्या. बाईंचं बोट पुस्तकाच्या पानात तसंच होतं. खिडकीतून आलेल्या उजेडात धुळीचे कण होते आणि ते खाली बसत नव्हते.

मग मी पुढे बघितलं. डोंगर नव्हते. असतील, पण कुठेतरी दूर, दुधात पाणी घालत गेल्यावर शेवटी राहतो तेवढाच त्यांचा रंग. बाकी सगळा उजेड होता आणि त्या उजेडातून आमच्याखाली ती रेघ गेली होती, पांढरी, सरळ, आणि तिच्या टोकाला बोट दिसत नव्हती. रेघ जात होती आणि आम्ही तिच्यावरून जात होतो. उंचीचा काटा दीडशे फुटांवर थांबला होता. थंड पाण्याला असतो तसा वास येत होता. अकरा वर्षं दुखत असलेला माझा डावा गुडघा दुखत नव्हता, आणि तो दुखत नाही हे लक्षात यायलाच मला बराच वेळ लागला.

बारकीने विमान वळवायच्या दांड्यावरचे हात काढून मांडीवर ठेवले होते. ती माझ्याकडे बघून हसली. ती पाच वर्षांची असताना तापातून उठली होती, तेव्हा अशी हसली होती. तिचे ओठ हलले. ऐकू आलं नाही, पण ती काय म्हणाली ते मला कळलं. किती बरं वाटतं ना.

आणि खरंच बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू. पोरीचं लग्न, बायकोचे डोळे, माझं रिटायर होणं, सगळं कुठेतरी खाली ठेवून आल्यासारखं झालं होतं. बघता बघता कधीतरी रेघेच्या पुढे एक ठिपका आला. तो वाढत गेला, त्याची बोट झाली, बोटीत पाठमोरा रेघवाला दिसला. आणि एकदम इंजिनाचा आवाज अंगावर आला, होड्या पाण्याला घासल्या, पाणी उडालं.

"आज तर फारच अलगद," बाई मागून म्हणाल्या.

माझ्या मनगटावरचं घड्याळ खोलीतल्या घड्याळाच्या सत्तेचाळीस मिनिटं पुढे होतं. पण मला घाम फुटला तो त्यामुळे नाही. वीस म्हटल्यानंतर मी पुढे मोजलं नव्हतं. एकवीस म्हणायचं मला सुचलंच नव्हतं.

रेघवाला बोट बांधत होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. तो कमी बोलणारा माणूस, आणि बोललाच तर बोटीकडे बघून बोलणारा.

"आम्ही किती वेळ लावला?" मी विचारलं.

"वळलात आणि टेकलात. रोजच्यासारखंच."

"मधे आवाज?"

"गेला, आला." त्याने दोराला आणखी एक पीळ दिला. "मिस्तरी, एक विचारू? हल्ली रेघ विरत नाही. पूर्वी विमान धक्क्याला लागेस्तोवर पुसून जायची. आता दुपारी लाटा आल्या तरी खाली पुसट दिसते."

"मग ओढूच नका उद्यापासून."

"आणि पोरीने उतरायचं कशावर?" तो पहिल्यांदा माझ्याकडे बघत म्हणाला. "तिला टोक लागतं. टोक दिसलं की ती उतरते. म्हणून तर मी हलत नाही."

मी त्याच्या बोलण्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. बावीस वर्षं एकच काम करणाऱ्या माणसाला आपल्या कामाचं कौतुक असतंच, असं मला वाटलं.

घरी बारकीची आई आठवडाभर कुरकुरत होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी ताकास तूर लागू दिली नव्हती. पण आईचं लक्ष असतं. "अहो, ही पोर रोज पाहुण्यासारखी घरी येते," ती मला म्हणाली. "काल स्वयंपाकघरात आली आणि कपाटं उघडून बघत उभी राहिली. काय हवंय विचारलं तर म्हणे काही नाही, नुसतं बघतेय."

त्या संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला बारकी गेली तेव्हा मी मागोमाग गेलो. म्हटलं, मी उद्या तक्रार लिहिणार आहे. विमान थांबवा म्हणून.

"काय लिहिणार?" ती म्हणाली. "इंजिनात दोष नाही, असं तुम्हीच दोनदा सही करून दिलंय. तक्रार केलीत तर ते आधी इंजिन तपासतील आणि मग मला. इंजिन सुटेल, बाबा. मी सुटणार नाही. डॉक्टर, कागद, पुन्हा डॉक्टर, आणि मग कुठेतरी टेबलामागे बसवतील."

"बसवू देत. जिवंत तरी राहशील."

ती चादरीची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "तिथे मला कसलीच घाई नसते. तुम्हीही बघितलंत."

"पेट्रोल संपलं तर?"

"तुम्ही जास्त भरा ना."

ती हे अगदी सहज म्हणाली. एक मिनिट, सहा, वीस, सत्तेचाळीस. पाचव्या खेपेला किती, ते सांगायला गणिताचा मास्तर नको. भरून भरून मी किती भरणार होतो? माझी एकुलती एक मुलगी अशा ठिकाणी जात होती जिथून परत येण्याची तिला घाई नव्हती, आणि मी तिला इंजिन पुसून, टाकी भरून तिथे पाठवत होतो. मी घाबरलो होतो. आणि घाबरलेल्या माणसाने करावं तेच केलं, रात्रभर डोकं चालवलं.

सकाळी मला ते सापडलं. इतकं सोपं की आधी कसं सुचलं नाही याचा राग आला. रेघ नसेल तर हे होणार नाही. पण रेघ नको असली तरी आरसा मोडायला हवा, म्हणजे पाणी दिसेल. मग एक रेघ कशाला? सगळं पाणीच मोडून टाकायचं. बोट आडवी-उभी, तिरपी, गोल, वाट्टेल तशी फिरवायची. तीनशे हात पाणी घुसळून ठेवलं की आंधळ्यालाही दिसेल. वैमानिकाला पाणी दिसण्याशी मतलब.

बुधवारपर्यंत मी विमान बांधूनच ठेवलं. पलीकडच्या तिकीटवाल्याला फोन करून सांगितलं की गुरुवारी वजनाची तपासणी आहे, परतीला प्रवासी घेऊ नकोस. बारकीला एवढंच सांगितलं की खाली पाणी वेगळं दिसेल, घाबरू नकोस. तिने मान हलवली. रेघवाल्याने मात्र बोटीची किल्ली देताना हात मागे घेतला.

"मी रेघ कधी ओलांडत नाही," तो म्हणाला. "परत येतानाही लांबून येतो."

"का?"

"कधी ओलांडली नाही, म्हणून," तो म्हणाला. मग किल्ली माझ्या हातात ठेवली. "मुलगी तुमची."

गुरुवारी तलाव असा आरसा झाला होता की बोट पाण्यात घालायला जिवावर आलं. साडेसातला मी सुरुवात केली. उभ्या बारा, आडव्या बारा, मग तिरप्या, मग नागमोडी. रेघेवर रेघ, रेघेतून रेघ. लहान मुलाने पाटी खरडून टाकावी तसं मी ते पाणी खरडलं. फेस चमकत होता, आभाळाचे तुकडे तुकडे झाले होते, आणि खरं सांगतो, मला फार समाधान वाटलं. बिघाड सापडल्यावर वाटतं तसं. मग बोट बाजूला घेऊन इंजिन बंद केलं.

विमान टाकीवरून वळलं. मी मोजायला लागलो.

दहा. पंधरा. विसाच्या जरा आधी मी हात वर केला. तिला दिसावा म्हणून. मी इथे आहे, एवढंच.

वीस. एकवीस. बावीस.

आवाज गेला नाही.

पंचवीस. तीस. इंजिन एकसारखं घुमत होतं, एवढं गोड मी ते कधी ऐकलं नव्हतं. मी हात खाली घेतला. चाळीसला विमान टेकलं, ठरलेल्या जागी, अलगद. मी बोटीत एकटाच वेड्यासारखा हसत होतो. डोळ्यांतून पाणी येत होतं.

मग पंखा थांबला.

विमान धक्क्यापासून दोनशे हातांवर नुसतं तरंगत राहिलं. मी बोट घेऊन गेलो, दोर अडकवला आणि ओढत धक्क्याला आणलं. रेघवाल्याने दोर धरला. खोलीतल्या घड्याळात सात सत्तेचाळीस झाले होते. मी सवयीने टाकीत काठी घातली. ती कोरडी वर आली.

बारकी आतच बसली होती. मी दार उघडलं.

तिचा चेहरा सकाळचाच होता. एक सुरकुती नाही, एक केस पांढरा नाही. पण तिच्या कोटाचे दोन्ही कोपर विरून आतलं अस्तर दिसत होतं. खुर्चीची गादी बसून पत्र्याला टेकली होती. दांड्याचा काळा रंग जाऊन खालचा धातू चकचकत होता, तिचे हात असायचे तेवढ्याच जागी. पायाखालच्या रबरात टाचांच्या आकाराचे दोन खड्डे पडले होते, आरपार. ते रबर मी त्याच महिन्यात बसवलं होतं.

"बारके," मी म्हटलं.

तिने मान वळवली. माझ्याकडे बघत राहिली. घाई अजिबात नव्हती.

"बाबा," ती म्हणाली. "तुम्ही दिसत होता खाली. बोटीत. हात वर केलेला."

"हो. आत्ताच केला होता."

"सगळा वेळ दिसत होता," ती म्हणाली. आवाज बसलेला होता, बरेच दिवस कोणाशी न बोललेल्या माणसासारखा. "रेघा खूप होत्या. मी सगळ्या धरून बघितल्या. एक झाली की दुसरी. एकीलाही टोक नव्हतं."

मागे रेघवाला उभा होता. त्याने पाण्याकडे तोंड फिरवलं.

"मग काय केलंस?" मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं.

"तुमच्याकडे बघत बसले. एकदा वाटलं, हात जरा खाली आलाय. मग वाटलं, नाही. मग पुन्हा वाटलं." ती थांबली. "तो पूर्ण खाली येईपर्यंत बघत बसले."

मी तिला हाताला धरून उतरवलं. तिने धक्क्यावर पाय ठेवला, तो उचलला, पुन्हा ठेवला. दोर बांधायचा तिचा नियम होता. तिने दोर घेतला, हातात धरून बघितला आणि माझ्याकडे दिला. मी गाठ मारली. ती तीनदा मारावी लागली.

घर धक्क्यापासून दहा मिनिटांवर आहे. आम्ही चालत निघालो. ती प्रत्येक दारापाशी, प्रत्येक दिव्याच्या खांबापाशी थांबायची, आणि मी तिला थांबू देत होतो. समोरून येणाऱ्या दूधवाल्याने नेहमीसारखी मान हलवली. ती त्याच्याकडे बघून हसली, पण तो कोण ते तिला कळलं नव्हतं, हे मला कळलं.

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर तिने माझी बाही धरली.

"बाबा, एक विचारू? रागावू नका."

"विचार ना गं."

"आई दिसते कशी हो?" ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही समोर होता, म्हणून तुमचं राहिलं. तिचं मी पुष्कळ दिवस धरून ठेवलं होतं. मग एकेक जायला लागलं. तेवढं सांगा मला, म्हणजे दारात चुकायला नको. तिला वाईट वाटेल."

मी सांगायला लागलो. उंची, चष्मा, हनुवटीवरचा तीळ, डावा खांदा जरा उतरता. ती माझी बाही धरून चालत होती आणि परीक्षेला जाताना मुलं म्हणतात तसं, ओठांतल्या ओठांत, एकेक म्हणून बघत होती.